सेटी ॲट होम : उरलेल्या त्या शंभरांत आमच्या मशिनींचं काही असेल का?

कऱ्हाडचा टायपिंगवाला

नमस्कार मंडळी. सेटी ॲट होम, म्हणजे परग्रहावरून येणारे रेडिओ संकेत घरोघरच्या कॉम्प्युटरवर शोधायचा तो प्रकल्प, चालवलेलं इथं कुणी आहे का? त्यातून चाळून शेवटी शंभर संकेत उरलेत, त्यांच्याबद्दल एक विचारायचंय. जरा लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

कऱ्हाडात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट. २००० साली टाइपरायटरच्या रांगेशेजारी पाच कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर ‘इंटरनेट’ असा बोर्ड रंगवून घेतला. गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंगचा एक पोरगा रोज संध्याकाळी यायचा. एकदा म्हणाला, “सर, रात्री मशिनी नुसत्याच पडून असतात. त्यापेक्षा त्यांना परग्रहावरच्या लोकांना शोधायला लावू.” मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं खुर्ची ओढली आणि पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं.

पोर्टो रिकोत अरेसिबोला डोंगरातल्या खळग्यात ३०५ मीटर रुंदीची रेडिओ दुर्बीण. तिच्यावर दुसरेच खगोलशास्त्रज्ञ आपापलं काम करत असायचे, आणि सेटीचा रेकॉर्डर जणू त्यांच्या पाठुंगळी बसून १४२० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचं सगळं टेपवर उतरवून घ्यायचा. १४२० हा हायड्रोजनचा सूर. विश्वात हायड्रोजन सगळीकडं, तेव्हा कुणाला हाक मारायची झाली तर तो याच सुरात मारेल, असा हिशेब. टेपा भरल्या की पोस्टानं कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात. तिथं त्यांचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा १०७ सेकंदांचा, साडेतीनशे केबीच्या आतबाहेर. फडातला ऊस मोळ्या बांधल्याशिवाय कारखान्याला जात नाही, तसंच. ज्याच्यात जेवढी ताकद त्यानं तेवढ्या मोळ्या उचलायच्या. १७ मे १९९९ ला त्यांनी हे सुरू केलं आणि पुढं जगभरातल्या ५० लाखांवर माणसांनी मोळी उचलली.

मला पटलं ते हे, की तुकडा उतरवून घ्यायला दोन-तीन मिनिटं फोन लावला की झालं. मग लाइन तोडायची आणि मशीन आपलं आपलं दळत बसतं. आमच्या साध्या सेलेरॉन मशिनींना एका तुकड्याला वीस-बावीस तास लागायचे, म्हणजे दोन रात्री. सकाळी शटर वर केलं की पाचही पडद्यांवर तो आलेख उभा. काळ्या पडद्यावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांच्या काड्या, पुढून मागं ओळीनं, जोंधळ्याच्या ताटांसारख्या, एखादीच मध्ये उंच गेलेली. वर एका बाजूला हिशेब कुठवर आला ते, दुसऱ्या बाजूला आकाशातली जागा, टिपल्याची तारीख आणि अरेसिबोचं नाव.

वडील तेव्हा होते. डेअरीत दूध घालून परत जाताना दुकानात डोकवायचे. शिक्षण चौथी. पडद्याकडं बघत उभे राहायचे आणि रोज एकच विचारायचे, “काय रं, आला का सांगावा?” मी म्हणायचो, नाही अजून. “लांबचं असंल. येळ लागतोय,” म्हणायचे आणि घागर उचलून चालायला लागायचे.

दुकानावर पत्रा. मे महिन्यात मशिनींची एका बाजूची झाकणं काढून त्यांच्यावर टेबलफॅन लावून ठेवायचो, तरी एका उन्हाळ्यात दोन एसएमपीएस, म्हणजे मशिनींचे पॉवर सप्लाय, जळाले. पुढं लोडशेडिंगची वर्षं आली. लाइट जायची, यायची. पण झालेला हिशेब स्टेट.साह नावाच्या फाइलीत लिहिलेला असायचा, त्यामुळं लाइट आली की मशीन तिथूनच पुढं सुरू. ही गोष्ट मला फार आवडायची. १००० तुकडे पुरे झाल्यावर त्यांच्या साइटवरून सर्टिफिकेट काढून घेतलं. रंगीत प्रिंट मारून लॅमिनेट केलं. वडिलांनी ते घरी नेलं आणि माझ्या डिप्लोमाशेजारी खिळा ठोकून लावलं.

सप्टेंबर २००४ मध्ये बातमी आली, की मीन आणि मेष या राशींच्या मधल्या एका जागेवरून आलेला संकेत तीन वेळा दिसलाय. मार्च २००३ मध्ये २०० च्या आसपास जागा अरेसिबोवरूनच पुन्हा तपासल्या होत्या, त्यातून उरलेला तो एकटा. वडिलांना कटिंगच्या दुकानात कुणीतरी पेपर वाचून दाखवला. त्या दिवशी ते सकाळी सातलाच शटरजवळ येऊन बसले होते. पुढं शास्त्रज्ञांनीच सांगितलं, की हा योगायोगानं जुळून आलेला गोंगाट असण्याचीच शक्यता जास्त आहे. वडिलांना ते सांगायला मला चार दिवस लागले.

वडील २०११ ला गेले. मोबाइल आले तसा कॅफेही संपला. आता झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि टायपिंगच्या दोन बॅचा. एक मशीन मात्र सेटीला ठेवलं होतं. मार्च २०२० च्या सुरुवातीला त्यांनी कळवलं, की ३१ मार्चपासून नवे तुकडे मिळणार नाहीत. म्हटलं, शेवटचा तुकडा दुकानात बसून स्वतः बघायचा. २२ तारखेच्या कर्फ्यूच्या आदल्या रात्री सवयीनं मेन स्विच पाडून घरी आलो आणि तिथून लॉकडाउनच लागला. जूनमध्ये शटर उघडलं तेव्हा तुकडा ६१ टक्क्यांवर थांबलेला होता. मुदत उलटून गेली होती. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोचा वरचा सांगाडा तबकडीवर कोसळला. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल, सांगता येत नाही.

पुढं जानेवारी २०२६ मध्ये वाचलं, की आपण सगळ्यांनी मिळून जे १२ अब्ज ठिपके, म्हणजे संकेतासारखं काहीतरी दिसलेल्या नोंदी, गोळा केले होते ते चाळून आधी १० लाखांच्या आसपास उरवले आणि त्यातून शेवटी १००. चीनमधली ५०० मीटरची फास्ट दुर्बीण जुलै २०२५ पासून त्या जागांकडं वळवून बघतायत.

तर प्रश्न असा. त्या शंभरांत माझ्या मशिनींतून गेलेलं काही असू शकतं का? आणि ज्यांनी हे चालवलं, त्यांना आता मागं बघून काय वाटतं? सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. त्याच्याकडं कुठल्या नजरेनं बघायचं ते माझं ठरत नाहीय.

जाळीदुरुस्ती

टायपिंगवाले सर, नमस्कार. मी नारायणगावचा. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात बरीच वर्षं अँटेनांच्या देखभालीला होतो, आता निवृत्त. घरच्या मशीनवर सेटी मीही २०१२ पर्यंत चालवलं. मी शास्त्रज्ञ नाही, पण रेडिओ दुर्बिणीला काय ऐकू येतं आणि काय नको असताना ऐकू येतं, ते रोज बघितलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमच्या एकट्या मशिनींचं असं त्यात काही नसणार. आणि तरीही त्या शंभरांतल्या एखाद्यात तुम्ही असू शकता.

अरेसिबोची तबकडी जमिनीत बसवलेली. रिसिव्हर एका जागी धरला, की पृथ्वीच्या फिरण्यानं आकाशातली एखादी जागा त्याच्या टप्प्यातून साधारण १२ सेकंदांत पार होते. म्हणजे तिथून खरंच काही येत असेल तर ते हळूहळू चढणार आणि तसंच उतरणार, देवळातल्या घंटेच्या आकारात. जमिनीवरचं रडार असं चढत-उतरत नाही. तुमच्या मशिनी ती घंटा शोधत होत्या. शिवाय पाठवणारा ग्रहही फिरता असणार, त्यामुळं त्याचा सूर घसरत जाणार, पुढं गेलेल्या गाडीच्या शिट्टीसारखा. किती घसरेल ते आधी कुणाला माहीत? म्हणून एकच तुकडा हजारो वेगवेगळ्या घसरणी धरून पुन्हा पुन्हा तपासायचा. तुमचे ते बावीस तास तिथं जात होते.

पण एकदा घंटा दिसली याला काही किंमत नाही. नुसत्या खरखरीतूनही अशा घंटा पडतात, १२ अब्जांतल्या बहुतेक तशाच. किंमत कधी येते? आकाशातल्या त्याच जागेवरून, वेगळ्या दिवशी, वेगळ्या वर्षी, तोच सूर पुन्हा आला तर. म्हणजे त्या शंभरांतला एकेक हा वेगवेगळ्या काळात टिपलेल्या ठिपक्यांचा जुडगा आहे. त्यातला एक ठिपका एका देशात दळला गेला, दुसरा दुसऱ्या. शिवाय तोच तुकडा निदान दोन घरी पाठवायचे, उत्तरं जुळतात का बघायला. नावं काढायची म्हटली तर एकेका जुडग्यामागं मोठी यादी निघेल. त्या यादीत कऱ्हाड असायला काहीच हरकत नाही. अर्धवट राहिलेल्या तुमच्या तुकड्याचंही वाईट वाटून घेऊ नका. मुदत गेली की तो दुसऱ्याला दिला जायचा, तशी सोयच होती.

आता मला स्वतःला सगळ्यात मोलाचं काय वाटलं ते सांगतो. बातम्यांत ते एका ओळीत उरकलंय. चाळणी लावण्याआधी त्यांनी त्या ढिगात सुमारे ३००० खोटे संकेत मिसळले होते. त्यांना ते बर्डी म्हणतात. कुठला खोटा आणि कुठला खरा हे चाळणाऱ्यांना माहीत नव्हतं. शेवटी कुठल्या ताकदीचे खोटे संकेत हाती लागले आणि कुठले निसटले ते मोजलं. त्यामुळं ते आता नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणत नाहीत, ‘एवढ्या ताकदीचा असता तर सापडला असता’ असं सांगू शकतात. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. आमच्या भागात विहिरीला पाणी लागलं नाही असं कुणी म्हणालं, की जुनी माणसं पहिलं विचारतात, किती फुटांपर्यंत? आकडा नसेल तर ती खोदाई पुढच्याच्या काही कामाची नाही. अरेसिबोला दिसायचं त्या पट्ट्यात, म्हणजे आकाशाच्या साधारण एक तृतीयांश भागात, तुम्ही आम्ही मिळून फूट मोजून दिलेत.

एक आठवण सांगतो. खोडदला एकदा रिसिव्हरवर तीन दिवस खरखर यायची. फक्त दुपारी, आणि वारा असला तरच. हातात धरायचा अँटेना घेऊन आम्ही दोघं द्राक्षबागांतून फिरलो. ज्या दिशेला आवाज वाढेल तिकडं चालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा फिरवायचा. शेवटी एका खांबावर सैल पडलेली तार सापडली. वाऱ्यानं हलली की बारीक ठिणगी पडायची, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी. तीन दिवस ती दुर्बिणीला आकाशापेक्षा मोठी वाटत होती. १२ अब्जांतून १०० काढायचे म्हणजे अशा किती तारा बाजूला करायच्या, याचा मला अंदाज आहे. त्यासाठी लागलेली दहा वर्षं मला जास्त वाटत नाहीत.

ऱ्हाइनकाठची

मूळची कोल्हापूरची, सध्या जर्मनीत माइंत्सजवळ. दादा, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. तरी एक बाजू मांडते, राग मानू नका.

पाच मशिनी, प्रत्येकी १०० वॅट, रात्रीचे दहा तास, म्हणजे रोज ५ युनिट. महिन्याचे १५०. जगभरची लाखो मशिनी धरा. मी २००९ मध्ये सेटी बंद केलं ते या हिशेबामुळं. पूर्वी सेटी पडून असलेली ताकद वापरतं असं म्हणायचो, पण पडून असलेलं मशीन आणि पूर्ण जोरात दळणारं मशीन सारखी वीज खात नाहीत. हे आपण स्वतःशी कबूल करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नंतर मी आइन्स्टाइन ॲट होम या तसल्याच दुसऱ्या प्रकल्पाकडं वळले. तेही बॉइंक नावाच्या सॉफ्टवेअरवरच चालतं, म्हणजे सेटीच्या लोकांनी पुढं सगळ्यांसाठी जी चौकट बांधून दिली तिच्यावरच. ऑगस्ट २०१० मध्ये तिथं एक नवा पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणारा मेलेला तारा, सापडला. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर, सेकंदाला जवळजवळ ४१ गिरक्या घेणारा. टिपलेला अरेसिबोनंच, २००७ मध्ये. आणि तो कुणाच्या मशिनींवर उमटला? एक अमेरिकेत, आयोवातल्या एका जोडप्याचं. दुसरं इथलं, माइंत्स विद्यापीठातल्या एकाचं. बातमी वाचली त्या दिवशी मी बसनं त्याच विद्यापीठावरून गेले होते. त्या तिघांना पत्र आलं, नावं छापली. म्हणजे दादा, तुम्हाला जे हवंसं वाटतंय ते असं घडू शकतं, अरेसिबोच्याच डेटातून घडलंय.

आता फक्त हिवाळ्यात चालवते. खोली गरम करायचीच असते, ती उष्णता हिशेबाची असेल तर बरं. तुमच्याकडं चालू मशीन असेल तर विचार करा, पण मे महिन्यात पत्र्याखाली नको.

रात्रपाळी

पुणे. २००१ मध्ये एका कंपनीत सिस्टिम सांभाळायचो. कुणाला न विचारता चाळीस मशिनींवर सेटी टाकलं. आठ महिन्यांत टीमच्या यादीत आमचं नाव बरंच वर आलं. ऑडिटमध्ये सापडलं आणि साहेबांनी सगळं काढायला लावलं. त्यांचं बरोबर होतं. वीज त्यांची, मशिनी त्यांच्या. मी गेलो असतो आणि समजावून मागितलं असतं तर दहा मशिनी तरी मिळाल्या असत्या, असं ते स्वतःच म्हणाले होते.

सर, तुम्ही सगळं स्वतःच्या मशिनींवर आणि स्वतःच्या बिलावर केलंत. माझ्या तुकड्यांपेक्षा तुमचे १००० मला जास्त वाटतात. सर्टिफिकेट काढू नका.

कऱ्हाडचा टायपिंगवाला

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

ताई, राग कसला. तुम्ही विजेचं काढलंत आणि मनात अडकलेलं एक बाहेर आलं, ते लिहूनच टाकतो. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत शेतीची लाइट रात्रीची असायची. वडील रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर जायचे. पासष्टी ओलांडलेली, पायात साप आडवा जायची भीती. आणि त्याच वेळी गावात माझ्या पाच मशिनी चालू. मला तेव्हा ते जाणवलं नाही असं नाही. एकदा म्हटलं, दादा, बंद करतो हे. तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. आपुन पानी धुंडतोय, तू मानसं धुंड.” म्हणून बंद केलं नाही. बरोबर केलं का चूक, ते आजही सांगता येणार नाही. पण तुमचा आकडा, महिन्याचे १५० युनिट, मी वहीत लिहून घेतलाय.

खोडदवाले साहेब, किती फुटांपर्यंत हे वाचलं आणि दुकान बंद करून शेतावर गेलो. आमची जुनी विहीर ७२ च्या दुष्काळात वडिलांनी आणि चुलत्यांनी खोदली. ४५ फुटांवर काळा पाषाण लागला, सुरुंगाला पैसे नव्हते, सोडून दिली. वडिलांनी काठावरच्या दगडावर छिन्नीनं ‘४५’ कोरून ठेवलेलं. लहानपणापासून तो आकडा बघत आलो, कधी विचारलं नाही कशाला कोरला म्हणून. १९९४ ला चुलतभावानं बोअरवाला आणला, तेव्हा त्यानं गाडीतून उतरल्यावर आधी तो आकडा वाचला आणि बोअर विहिरीच्या तळातूनच खाली घ्यायला सांगितली. पाणी पुढं ११० वर लागलं. काल संध्याकाळी दगडावरचं शेवाळ खरवडलं. आकडा अजून स्पष्ट आहे.

सर्टिफिकेट भिंतीवरच राहील. त्याच्या खाली एक कागद चिकटवणार आहे. आकाशाचा किती भाग, कुठला सूर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. बर्डींवरून त्यांनी जी मर्यादा काढली तिचा आकडा मला समजेल अशा भाषेत तुम्ही लिहून दिलात तर तोही.

आणि एक. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला लोकांना आत सोडतात ना? टायपिंगच्या बॅचमधली दोन पोरं मागं लागलीत. १४२० चा रिसिव्हर लांबून का होईना, बघायला मिळेल का?

जाळीदुरुस्ती

या की. आकडा कागदावर मांडून ठेवतो, आल्यावर देतो. त्या दिवशी गर्दी फार असते, शाळांच्या बस सकाळपासून लागतात. नारायणगाव स्टँडवर नऊपर्यंत उतरलात तर मी घ्यायला येईन. रिसिव्हर वर असतो, हात नाही लावता येणार, पण ४५ मीटरची तबकडी खालून दाखवतो. जाळी इतकी विरळ आहे की पलीकडचं आकाश दिसतं. पोरांना सांगून ठेवा, मोबाइल घरीच ठेवून या, नाहीतर गेटच्या आधी पूर्ण बंद करा. खिशातला फोन तिथं सगळ्यात मोठ्यानं बोलतो.